खालच्या खाचरातला तांदूळ

८ डिसेंबर १९९७, सोमवार. पहाटे दव पडलं होतं. नऊनंतर कोरडं ऊन, वारा नाही.

त्या दिवशी माझ्यात एक किलो तांदूळ भरला गेला. मी एक काचेची बरणी. रुंद तोंडाची, जाड बुडाची, काळ्या फिरकीच्या झाकणाची. मला तोंड आहे, पण ते भरायला आणि ओतायला. बोलता आलं असतं, तर आज तुमच्यापुढे हे सगळं सांगत बसले नसते. त्याच दिवशी ओटीवर ओरडून सांगितलं असतं.

माझा जन्म भट्टीतला. तापलेला लाल रस साच्यात पडला, थंड झाला आणि मी झाले. १९७६ साली पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात बसून मी धसईकडच्या एका हायस्कुलात आले. तिथे माझ्या बुडाशी तांबड्या ऑइलपेंटनं ४१ हा आकडा लिहिला गेला आणि शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये माझी नोंद झाली. त्या रजिस्टरात एकदा नाव चढलं, की फुटल्याशिवाय सुटका नसते.

फळीवर माझ्या एका बाजूला गंधक, दुसऱ्या बाजूला जस्ताचे तुकडे. माझ्या वाट्याला तुरटी आली. वीस वर्षं मी तुरटी सांभाळली. मुलं मास्तरांची नजर चुकवून खडा चाटायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि हसायची. विषाच्या बाटल्या कुलुपात असायच्या. मी बिनकुलुपातली, निरुपद्रवी.

प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस नरेंद्र. दहावी पास होऊन परिचर म्हणून लागला होता. मास्तर जुनी पुस्तकं रद्दीत काढत, ती तो घरी नेऊन वाचत असे. चाळिशी ओलांडलेला, हळू बोलणारा. रोज सकाळी आल्यावर आधी थर्मामीटर बघायचा, वहीत तारीख आणि हवामान लिहायचा, मग कुठली नळी फुटली, कुठलं द्रावण संपलं ते लिहायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. पण ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं त्याला वाटत असावं.

नरेंद्रच्या गावाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक खांबांचा कारखाना होता. टेलिफोनचे लाकडी खांब तिथे हिरव्या औषधात मुरवायचे, म्हणजे त्यांना वाळवी लागत नाही. सिमेंटचे मोठे हौद, त्यात ते हिरवं पाणी. पावसाळ्यात हौद भरून वाहायचे. पाणी ओढ्यात यायचं आणि ओढ्यालगतच्या शेतात शिरायचं. ओढ्यालगतचं पहिलं शेत बुधाजी नावाच्या शेतकऱ्याचं. त्याला घरात ‘खालचं खाचर’ म्हणत.

आणखी एक गोष्ट होती. कारखान्यात खांब तासले, की हिरवट ढलप्यांचा ढीग पडायचा. राखणदार म्हणायचा, न्या बायांनो, फुकट हाय. बायका भारे बांधून न्यायच्या. चुलीत जाळायच्या, राखेनं भांडी घासायच्या. आणि उन्हाळ्याच्या शेवटी राब भाजताना, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा जाळून तयार करताना, शेण-पाचोळ्याच्या जोडीला त्याच ढलप्या पसरायच्या. डोंगरात जाऊन फांद्या तोडण्याचे कष्ट वाचले म्हणून बुधाजीची बायको सकुबाई त्या राखणदाराला दरवर्षी काकड्या नेऊन देत असे.

वाळवीला मारतं ते औषध. ती राख जमिनीत जात होती आणि जमिनीवर भात उभं राहत होतं.

पाच-सहा वर्षांत खालच्या खाचरातलं भात बिघडलं. उंच व्हायचं, हिरवंगार दिसायचं, पण लोंबी वाकायची नाही. झोडलं की निम्मं पळींज, म्हणजे दाण्याविना पोकळ फोल. जे दाणे भरायचे ते काळपट, गिरणीत निम्म्यांची कणी व्हायची. तरी खायला तेच. माळावर थोडी नाचणी व्हायची. भात देणारी जमीन ती एवढीच.

आणि बुधाजीचे हात बिघडले.

तो शाळेत आला ती दुपार मला आठवते. प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून म्हणाला, “जय भीम, सायंटिस.”

“राम राम, दादा. ये आत.” दोघं सातवीपर्यंत एका बाकावर होते. “दाखव हात.”

“बघ. आता लगीन तर व्हायचं नाय माजं. दुसरं काय दिसतंय सांग.”

नरेंद्रनं ते तळवे खिडकीशी नेले. तळव्यांवर कुरुपासारखे कठीण दाणे होते, मक्याच्या कणसावर असावेत तसे. सदऱ्याची गुंडी उघडली, तर छातीवर काळे ठिपके, चिखलाचा पाऊस पडून वाळल्यासारखे. एका बोटाच्या पेरावर जखम होती, ती आषाढापासून भरत नव्हती.

बुधाजीनं खिशातून चिठ्ठी काढली. सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली. “बाई इच्यारीत व्हती, पानी कुठलं पितंस, तांदूळ कुठला खातंस. मी म्हनलं, बाई, दुखतंय हाताला अन् तुमी पोटाचं काय इच्यारता?”

चिठ्ठीवर इंग्रजीत एक शब्द होता आणि पुढे प्रश्नचिन्ह. नरेंद्रनं तो मोठ्यानं वाचला. “आर्सेनिक.”

“म्हंजे?”

“सोमल.”

बुधाजी हसायचा थांबला. हा विषाचा शब्द त्याला माहीत होता.

त्याच आठवड्यात नरेंद्रनं हौदातलं पाणी आणून एक प्रयोग केला. माझ्या शेजारणीतले जस्ताचे तुकडे घेतले, आम्ल घातलं, निघणारा वायू पेटवला आणि ज्योतीवर पांढरी बशी धरली. बशीवर काळा चकचकीत डाग उमटला. तो डाग त्यानं बराच वेळ पाहिला. मग विज्ञानाच्या मास्तरांना बोलावून आणलं.

मास्तर चांगले होते. त्यांनी बशी हातात घेतली आणि मान हलवली. “नरेंद्र, शाळेच्या जस्तात मुळातच थोडं आर्सेनिक असतं. हा डाग त्या जस्ताचाही असेल. हा पुरावा होत नाही.”

“मग पुरावा कुठं मिळतो, सर?”

“मुंबईला. मोठ्या प्रयोगशाळेत. त्यांचा कागद पाहिजे.”

तालुक्याच्या कचेरीत अर्ज गेला, उत्तर आलं. एका अर्जाला एकच नमुना तपासून मिळेल. त्यात आर्सेनिक मर्यादेबाहेर निघालं, तर हौद बंद करायचे आदेश निघतील आणि बाधित घराला वर्षभराचं धान्य मिळेल. निघालं नाही, तर अर्ज निकाली.

नरेंद्रनं चार दिवस विचार केला. पाणी द्यावं, तर ते पावसाळ्यापुरतंच येतं. कारखानेवाले म्हणतील, वाहून गेलं. माती द्यावी, तर माती कुणी खात नाही. तांदूळ रोज तीन वेळा पोटात जातो. बुधाजीच्या, सकुबाईच्या आणि सात वर्षांच्या स्नेहलच्या. तांदूळच द्यायचा, असं ठरलं.

मग त्यानं फळीवरून मला उचललं. माझ्यातली तुरटी कागदात काढून ठेवली. मला आम्लानं धुतलं, मग नळाच्या पाण्यानं, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा. उन्हात उपडं ठेवलं. फडक्यानं पुसलं नाही. फडक्याचं काही लागू नये म्हणून. माझ्या पोटावर पांढरा कागद चिकटवून त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: नमुना, तांदूळ. शेत, खालचं खाचर. शेतकरी, बुधाजी राघो पष्टे.

त्याला वाटलं, आता कुठं चूक राहिली नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

८ डिसेंबरला तो मला पिशवीत घालून बुधाजीच्या घरी गेला आणि ओटीवर बसला. त्या घरात त्याला आत यायला कुणी मनाई केली नव्हती. पण या, असंही कधी कुणी म्हटलं नव्हतं. आणि न बोलावता आत जायची सवय त्यालाही नव्हती. शिवाय त्या बाजूची रीत अशी, की नव्या भाताच्या कणगीत किंवा तांदळाच्या डब्यात परक्यानं हात घालायचा नाही. घरातून तांदूळ बाहेर जायचा तो घरच्या बाईच्या हातानं. आल्यागेल्याला, देवाला, भिक्षेकऱ्याला, सगळ्यांना.

“वहिनी,” नरेंद्रनं मला पुढं केलं, “ही भरून द्या. खालच्या खाचराचा. हात कोरडे ठेवा. धुऊ नका, निवडू नका, आहे तसा भरा.”

“व्हय, भाऊ. चा घेनार ना?”

“घेईन.”

सकुबाईनं मला पदरात धरलं आणि आत नेलं. ठेंगणी बाई, कपाळावर गोंदण, बोटं सतत कामात. चुलीवर चहाचं आधण ठेवून ती कोपऱ्यातल्या गोणीपाशी गेली. गोणीचं तोंड उघडून तिनं मूठभर तांदूळ उजेडात धरला. जाडा, काळपट, निम्मी कणी. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्वच्छ, लखलखीत. पोटावर पांढरा कागद.

“स्नेहल, काय लिवलंय गो ह्याच्यावर?”

स्नेहल दुसरीत होती. तिनं बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. “शे-त-क-री. बु-धा-जी रा-घो प-ष्टे. आये, बाबांचं नाव हाय!”

“अन् आज्याचं बी.”

“व्हय. राघो म्हंजे आजा ना?”

सकुबाई गोणीपाशी तशीच बसून राहिली. मूठ उघडून तिनं तांदूळ गोणीत परत सोडला. उठली, माळ्याखालचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात भाऊबीजेला सापगावहून तिच्या भावानं आणलेला झिनी तांदूळ होता. बारीक, पांढरा, झाकण उघडताच घमघमणारा. सणासुदीसाठी राखलेला.

“आये, ह्यो तर मामाचा.”

“गप गो. मुंबईला जायचाय तो. आज्याचं नाव लिवलंय वर. साहेब लोक बघतील, म्हनतील राघो पष्ट्याच्या घरात असला तांदूळ खातात?”

आणि तिनं पसा भरभरून तो तांदूळ माझ्यात ओतला. गळ्यापर्यंत. वर आणखी अर्धी मूठ, कारण काठोकाठ भरल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही. पदरानं माझं तोंड पुसलं. माझ्या आत सापगावचा वास पसरला.

मी फुटायचा प्रयत्न केला. खरं सांगते. काच आपल्या आपण तडकते कधी कधी, उन्हातून सावलीत आणली की. मी मनापासून तडकू पाहिलं. नाही जमलं.

ओटीवर नरेंद्रनं मला हातात घेतलं. काचेतून तांदूळ पांढराशुभ्र दिसत होता. त्याला शंका यायला हवी होती. पण तो दुसऱ्याच्या घरातल्या धान्याकडे निरखून बघणारा माणूस नव्हता. तो बौद्धवाड्यातला, दुसऱ्याच्या तांदळाला नाव ठेवणं त्याच्याकडून कधी झालं नसतं. त्यानं झाकण घट्ट फिरवलं, वरून मेण ओतलं आणि वहीत लिहिलं: नमुना घेतला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

“नीट ने रे, सायंटिस,” बुधाजी म्हणाला. “माजं नाव हाय तेच्यावर. सांडशील.”

मुंबईतली प्रयोगशाळा थंड आणि पांढरी होती. फळीवर माझ्यासारख्या शंभर बरण्या. चौथ्या दिवशी सरिता नावाच्या मुलीनं माझं मेण खरवडलं. झाकण उघडलं आणि ती थांबली.

“आई गं! काय वास आहे! बघा ना, मॅडम.”

शेजारच्या टेबलावरची बाई वाकली. “झिनी दिसतोय. राहिला तर घरी ने, खीर कर.”

“विषाच्या संशयावरून आलाय हो.”

“मग नको.” दोघी हसल्या.

सरितानं काही चूक केली नाही. हे मी मुद्दाम सांगते. तिनं तांदूळ खलात कुटला, काट्यावर मोजला, आम्लात उकळला. पिवळसर धूर निघून द्रावण स्वच्छ होईपर्यंत जागची हलली नाही. तिच्याकडचं जस्त शुद्ध होतं, वेगळ्या बाटलीतलं. कागदावर उमटलेला डाग तिनं ओळीनं लावलेल्या डागांशी ताडून पाहिला. डाग इतका फिका होता, की तिनं दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. तिनं जे माझ्यात होतं ते अचूक मोजलं.

मला परत यायचं नशीब लाभलं ते डेडस्टॉक रजिस्टरमुळे. नरेंद्रनं अर्जातच लिहिलं होतं, बरणी शाळेची आहे, क्रमांक ४१, परत मिळावी. ५ फेब्रुवारी १९९८ ला तो येऊन मला आणि कागदाला घेऊन गेला. एस.टी.त त्यानं तो कागद किती वेळा वाचला मला माहीत नाही. मुरबाड ते धसई मी पिशवीत, त्याच्या मांडीवर होते.

बुधाजीच्या ओटीवर पाच-सहा माणसं जमली होती. नरेंद्र उभा राहून वाचू लागला. “आर्सेनिक, एक किलोत शून्य पूर्णांक शून्य सहा मिलिग्रॅम. मर्यादेच्या आत. नमुना खाण्यास योग्य.”

“म्हंजे चांगला?” कुणीतरी विचारलं.

“कागद म्हणतो, चांगला.”

आतल्या दारातून सकुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज खुशीत होता, “चांगलाच असनार. चांगलाच धाडला व्हता मी.”

नरेंद्रनं कागद खाली घेतला. “चांगला म्हणजे, वहिनी?”

“म्हंजे... भावानं आणलेला. झिनी. खालचा कसा धाडायचा, भाऊ? कणी अन् काळा. वर सासऱ्याचं नाव लिवलेलं तुमी.”

 स्नेहल म्हणाली, “मी म्हनलं व्हतं, मामाचा हाय.”

बुधाजी आधी हसला. “अगो, तपासाया बोलावलं व्हतं, जेवाया नाय.” मग त्यानं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

सकुबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजलं, तेव्हा ती रडली नाही. आत गेली, कोपऱ्यातली गोणी फरफटत ओटीवर आणली, आणि सगळ्यांच्या देखत नरेंद्रचा हात मनगटाला धरून गोणीत घातला, कोपरापर्यंत. “भर. तूच भर, भाऊ. माज्या हातानं नको आता.”

त्या दिवशी मी पुन्हा भरले. या वेळी खालच्या खाचरातल्या तांदळानं.

पण मला घेऊन जाण्यासारखं दार राहिलं नव्हतं. एका अर्जाला एक नमुना. कचेरीतले साहेब ओरडले नाहीत, त्यांनी नरेंद्रला खुर्ची दिली. म्हणाले, “तुम्ही म्हणता तांदूळ बदलला. उद्या दुसरा म्हणेल. मी कशावर विश्वास ठेवू? शासकीय अहवाल आलाय.” नव्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला हवा होता. डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती. नव्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि लिहिलं, त्वचारोग.

खांबांच्या कारखान्यानं त्या अहवालाची प्रत मिळवली आणि काचेच्या चौकटीत घालून फाटकावर लावली. कुणी तक्रार घेऊन गेलं, की राखणदार चौकटीकडे बोट करायचा. वरचं नाव सगळ्यांना वाचता यायचं. बुधाजी राघो पष्टे.

मी नरेंद्रच्या घरी, खिडकीतल्या फळीवर राहायला गेले. रजिस्टरात त्यानं लिहिलं, बरणी ४१, प्रयोगासाठी बाहेर. दरवर्षी भात झोडून झालं, की बुधाजीच्या ओटीवर जाऊन, स्वतःच्या हातानं, तो माझ्यातला जुना तांदूळ काढून नवा भरायचा. जुन्या कागदावर नवा कागद चिकटवायचा. १९९८. १९९९. २०००. अर्ज करायचा, नकार यायचा, तो वहीत लावायचा. माझ्या पोटावर कागदांचा जाड थर झाला, काचेपेक्षा जाड.

बुधाजीच्या घरातले लोक तोच तांदूळ खात होते. दुसरं काय खाणार? सकुबाईनं ढलप्या जाळायच्या थांबवल्या. ओढ्याचं पाणी दगड लावून अडवू पाहिलं. श्रावणात दगड वाहून गेले. ताटात ती बुधाजीला आणि स्नेहलला आधी नाचणीची भाकरी वाढायची, भात कमी. स्वतः मात्र भातच खायची, दोन माणसांचा. नरेंद्रनं एकदा विचारलं, असं का. ती म्हणाली, “माजा वाटा हाय तो.”

बुधाजीच्या बोटाची जखम पेरावरून वर चढली. १९९९ मध्ये ठाण्याला नेऊन बोट काढलं. तो गावात सांगायचा, “आता नऊ बोटं. अंगठा शाबूत हाय, सही चालतीये. अजून धा अर्ज करू.” दहा झाले नाहीत, चार झाले. काखेत गाठ आली. २ मार्च २००१, शुक्रवारी, सकाळी सव्वासातला, तो ओटीवर बसल्या बसल्या गेला. नरेंद्रच्या वहीत त्या दिवशी लिहिलंय: ऊन, आंब्याला मोहोर, तापमान बत्तीस.

नंतर सकुबाईचं बोलणं कमी झालं. नरेंद्रच्या घरी ती पूर्वी कधी येत नसे. आता महिन्यातून एकदा येई, खिडकीशी उभी राहून मला बघे. एकदा वंदना, नरेंद्रची बायको, म्हणाली, “वहिनी, बसा ना आत. चहा टाकते.” सकुबाई आत आली, बसली, चहा घेतला. आणि कपाकडे बघत म्हणाली, “तवा भाऊला आत बोलवलं असतं, तर तेनं गोणी बघितली असती.”

वंदनानं तिच्या कपात आणखी चहा ओतला. 

२००२ च्या पावसाळ्यात कारखाना बंद पडला. कुणी बंद केला नाही. टेलिफोनला सिमेंटचे खांब आले, लाकडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. हौद तसेच उघडे राहिले. तिथल्या हिरवट फळ्या लोकांनी नेल्या, कुणी गोठ्याला लावल्या, कुणी पलंग केला. फाटक गेलं, चौकट मात्र खांबाला राहिली. माती जिथं होती तिथंच राहिली आणि दर आषाढात त्या मातीत रोप लावलं गेलं.

२००३ च्या दिवाळीत स्नेहल नरेंद्रकडे गणितं विचारायला आली. तेरा वर्षांची झाली होती. वहीवर हात टेकून लिहीत होती. नरेंद्र गणित सांगता सांगता थांबला. त्यानं तिचा तळवा उलटा केला आणि खिडकीशी, माझ्याशेजारी, उजेडात धरला. अंगठ्याच्या बुडाशी दोन दाणे होते. मक्याचे, कोवळे.

“दुखतं का गं?”

“नाय. सुई टोचली तरी कळत नाय. बघा.” तिला गंमत वाटत होती.

त्यानं पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी तारखांसकट, सहा वर्षांच्या नोंदींसकट, नमुना कसा बदलला त्याच्या खऱ्या हकिकतीसकट. आणि खाली सकुबाईनं आपल्या हातानं सही केली. ती सही करायला ती स्नेहलकडून शिकली होती. कचेरीत नवे साहेब आले होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि मंजूर केला. नमुना खाचरातून थेट, पंचांसमोर झोडून-कांडून, सीलबंद घेतला गेला. माझ्यातच. माझ्या पोटावरचे सगळे जुने कागद खरवडून नवा, सरकारी कागद लागला. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. फक्त गट नंबर.

हे वाचणाऱ्या तुम्हाला मला एवढंच सांगायचंय. मी बरणी आहे. माझ्यात जे घालाल तेच मी नेते, आणि जे नेते तेच तिकडे मोजलं जातं. तुमच्या घरातून कधी असा नमुना मागायला कुणी आलं, तर त्याला आत बोलवा. गोणी दाखवा. काळी, कणीची, जशी असेल तशी. लाज वाटेल. वाटू द्या. आणि मागायला येणारे तुम्ही असाल, तर ओटीवरच थांबू नका.

आता मी परत शाळेच्या फळीवर आहे. तुरटी संपली, नवी आणली नाही. माझ्यात सध्या काही नाही. अहवाल घेऊन नरेंद्र मला परत आणत होता, त्या दिवशी तो शाळेत जाण्याआधी सकुबाईकडे गेला. ती त्याला आत घेऊन गेली, चुलीपाशी पाट टाकला. स्नेहल दारात उभी होती, हात ओढणीत गुंडाळून.

“नीट वाच, भाऊ,” सकुबाई म्हणाली. “सहा वरसं मी एकच इच्यार करत्ये. तवा मी खरा तांदूळ धाडला असता तर तुझा दादा वाचला असता का. काय लिवलंय ते वाच. मधलं काय सोडू नको.”

नरेंद्रनं चष्मा लावला आणि मधलं काही न सोडता वाचलं. तेच मग वहीत उतरवलं.

१२ जानेवारी २००४, सोमवार. सकाळी थंडी, आकाश निरभ्र. नमुना, तांदूळ, जाडा. शेत, ओढ्यालगतचं, पंचांसमक्ष सीलबंद. आर्सेनिक, एक किलोत ०.९८ मिलिग्रॅम. कायद्यानुसार कमाल मर्यादा, एक किलोत १.१ मिलिग्रॅम. शेरा, नमुना मर्यादेच्या आत, खाण्यास योग्य. अर्ज निकाली.